फोल्डर रिकामा, डिस्क फुल्ल!

एका पावसाळी शनिवारी माझ्या दोन गोष्टी गायब झाल्या. एक सापडली, दुसरी नाही. त्याची ही गोष्ट. थोडी टेक्निकल आहे, पण घाबरू नका, मीसुद्धा मास कॉमवालीच आहे!

शनिवारची रात्र. बाहेर धो धो पाऊस आणि मी जमिनीवर मांडी घालून एका जुनाट लॅपटॉपसमोर रडायच्या बेतात. शेजारी दादा, म्हणजे माझा मावसभाऊ. हिंजवडीतल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. त्यामुळे आमच्या खानदानातल्या यच्चयावत कॉम्प्युटरांचा तोच फॅमिली डॉक्टर. फी ठरलेली, आल्याचा चहा आणि कांदाभजी.

"दादा, गेलं ना रे सगळं?"

"थांब गं जरा. दिसत नाहीये म्हण. गेलं कशावरून?"

काय गेलं होतं ते आधी सांगते. सदाशिव पेठेत आणि नव्या पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं ज्यांच्या पोळी-भाजीवर जगतात, त्या मेसवाल्या काकूंवर मी एक मोठा लेख करत होते. तीन महिने, १९ मुलाखती. आता या काकू काही पीआर एजन्सीमार्फत अपॉइंटमेंट देत नाहीत. दुपारची भांडी घासून झाल्यावर आणि रात्रीची कणीक मळायच्या आधी, तीन ते साडेचार, एवढाच काय तो त्यांचा वेळ. त्यातल्या एका काकूंनी पंचवीस वर्षं चालवलेली मेस त्याच आठवड्यात बंद केली आणि त्या मुलाकडे बार्शीला निघून गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी, भांडी भरलेल्या पोत्यावर बसून माझ्याशी दोन तास बोलल्या. ते रेकॉर्डिंग पुन्हा होणं शक्यच नव्हतं. काकू फोनवर बोलतील हो, पण ती भांड्यांची पोती कुठून आणणार?

माझं सगळं सामान दादाने बसवून दिलेल्या घरगुती सर्व्हरवर असतं. 'सर्व्हर' ऐकून दबून जाऊ नका. माझा कॉलेजच्या काळातला लॅपटॉप, बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली, त्यावर लिनक्स, आणि शेजारी स्वतःचा वेगळा अडॅप्टर असलेली एक बाहेरची हार्ड डिस्क. बस्स. फोनमधली रेकॉर्डिंग्ज रोज रात्री वाय-फायवरून आपोआप त्या डिस्कवर जातात आणि पोचली की फोनमधून उडतात. (फोनमध्ये जागा नको का, रील्सना!) मुलाखती ऐकताना केलेल्या नोंदी मी त्याच लॅपटॉपवर चालणाऱ्या एका नोट्सच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करायचे. कोण काय म्हणालं, कितव्या मिनिटाला म्हणालं, कुठलं वाक्य हेडिंगला झकास जाईल, सगळं. दोन महिने एकदम मस्त चाललं होतं.

मग सोमवारी संध्याकाळी लाइट गेले. परत आल्यावर लॅपटॉपचं बटण मीच दाबलं. हिरवा दिवा लागला, फोन जोडला गेला, आणि पुढचे पाच दिवस रोज रात्री 'अपलोड पूर्ण' असा मेसेज इमानेइतबारे येत राहिला. शनिवारी दादा सहज म्हणून टपकला आणि त्याला दिसलं, की बाहेरच्या डिस्कचा प्लग बोर्डात अर्धवटच बसलाय. त्याने तो नीट खोचला, डिस्क घरघरली, त्याने कीबोर्डवर काहीतरी खडखडवलं. मी कौतुकाने रेकॉर्डिंग्जचा फोल्डर उघडला. जुन्या चौदा मुलाखती जागच्या जागी. सोमवारनंतरच्या पाच गुल! बार्शीच्या काकूंचीही.

कलम बांधायचा फंडा

इथे एक मिनिट थांबून डोक्यात एक गोष्ट बसवायला हवी. माझ्या डोक्यात ती बसायला दोन कप चहा गेला.

विंडोज वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह माहीत असतात. पेनड्राइव्ह लावला की ई नाहीतर एफ. (ए आणि बी कुठे गेले? ती अक्षरं फ्लॉपीसाठी होती. फ्लॉपी गेली, अक्षरांची खुर्ची अजून राखीव आहे.) म्हणजे प्रत्येक डिस्क हे स्वतंत्र घर, दारावर वेगळी पाटी. लिनक्समध्ये, मॅकमध्ये आणि तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही असं नसतं. तिथे झाड एकच. एक मूळ, त्याला फांद्या म्हणजे फोल्डर, आणि नवी डिस्क आली की तिचं या झाडाच्या एखाद्या फांदीवर कलम बांधायचं. कोकणात रायवळच्या खुंटावर हापूसचं बांधतात ना, अगदी तसंच. या कलम बांधण्याला म्हणतात 'माउंट' करणं. एकदा बांधलं की त्या फांदीपासून पुढची सगळी पानं दुसऱ्या डिस्कची, पण चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तुम्ही फोल्डरमागून फोल्डर उघडत जाता, मध्येच एका उंबरठ्यावर सिस्टीम आपल्या वहीत बघते, 'अरे, इथे तर दुसरी डिस्क जोडलीय', आणि तुम्हाला गुपचूप त्या डिस्कवर नेऊन सोडते.

हा फंडा आजचा नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही सिस्टीम घडवली, तिचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ मधलं. माउंट ही कमांड त्यात आहे. १९७४ साली या दोघांनी आपल्या सिस्टीमवर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. आमच्याकडे मूळ फोल्डर एका डिस्कवर आहे आणि लोकांच्या फायली असलेली दुसरी डिस्क सिस्टीम सुरू होताना त्यावर जोडली जाते, असं त्यात स्वच्छ सांगितलंय. म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे जी रचना होती, तीच नेमकी माझ्या फुगक्या लॅपटॉपवर होती. फरक एवढाच, की त्यांच्या प्लगकडे बघायला माणसं होती.

आणि ज्याने जोडायचं त्यानेच सोडवायचंही असतं, बरं का. पेनड्राइव्ह खसकन ओढून काढू नये म्हणतात ते याचसाठी. स्क्रीनवर 'कॉपी झालं' दिसलं तरी शेवटचा घास अजून मेमरीतच असू शकतो. विंडोजने २०१८ पासून पेनड्राइव्हसाठी झटपट काढायची पद्धत डीफॉल्ट केली, म्हणून आपल्यातले बरेच आळशी वाचले. लिनक्समध्ये सोडवायच्या कमांडचं नाव 'यूमाउंट'. 'अनमाउंट' नव्हे. मधला 'एन' युनिक्सवाल्यांनी टायपिंगच्या कंटाळ्याने खाल्ला असावा, अशी आपली माझी शंका.

पेपरखालच्या पावत्या

आता खरी गंमत. ज्या फांदीवर कलम बांधलं, त्या फांदीला आधीपासून पानं असतील तर?

उत्तर ऐकून मी दादाकडे बघतच राहिले. ती पानं मरत नाहीत. ती फक्त झाकली जातात. माउंट केलेली डिस्क त्या फोल्डरवर येऊन बसते आणि फोल्डरमध्ये आधी जे असेल ते दिसायचं बंद होतं. पुसलं जात नाही, हलवलं जात नाही, कुणी विचारतही नाही. माझी आई कपाटाच्या फळीवर जुना पेपर अंथरते आणि त्याखाली गॅसच्या पावत्या, शंभराच्या दोन-चार नोटा सरकवून ठेवते. दिवाळीत मी मोठ्या उत्साहाने साफसफाई काढते आणि जुना पेपर न उचलता त्यावरच नवा अंथरते. मग वर्षभर आई म्हणते, 'पावत्या गेल्या कुठे?' पावत्या फळीवरच असतात. दोन पेपरांच्या खाली.

सोमवारी नेमकं हेच झालं होतं. लाइट आल्यावर लॅपटॉप उठला, बाहेरची डिस्क उठली नाही. दादाने फार दूरदृष्टी दाखवून आधीच सेटिंग करून ठेवलेलं, की डिस्क नसली तरी लॅपटॉपने अडून बसू नये, आपलं काम चालू करावं. लॅपटॉप आज्ञाधारक. तो सुरू झाला. फोनने रेकॉर्डिंग पाठवलं, अमुक फोल्डरमध्ये ठेव म्हणून. फोल्डर होता की! कलम बांधायची रिकामी फांदी होती ती, लॅपटॉपच्या स्वतःच्या आतल्या डिस्कवर. पाच दिवस माझ्या मुलाखती त्या रिकाम्या फळीवर साठत गेल्या. शनिवारी दादाने डिस्क जोडली, म्हणजे वर नवाकोरा पेपर अंथरला, आणि खालचं सगळं झाकून गेलं. मधल्या आठवड्यात मी एकदा जरी तो फोल्डर उघडला असता तर उलटं दृश्य दिसलं असतं, नव्या मुलाखती हजर आणि जुन्या चौदा बेपत्ता. पण अपलोड पूर्ण झाल्याचा मेसेज येत असताना कोण बघतं हो?

हे दादाला कळलं कसं? तर एका साध्या हिशेबावरून. त्याने लॅपटॉपच्या आतल्या डिस्कला विचारलं, तू किती भरलीयस? उत्तर आलं, २७ जीबी. मग दुसऱ्या कमांडने त्याच डिस्कवरच्या दिसतील तेवढ्या सगळ्या फायलींची बेरीज केली. ती आली २२. एक कमांड डिस्कच्या मालकाला विचारते, दुसरी दारोदार फिरून मोजते. मधले ५ जीबी कुणाच्याच दारात नव्हते. साध्या, न दाबलेल्या रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. पाच मुलाखती, एकूण आठ-सव्वाआठ तास. मी मोबाइलवर गुणाकार केला आणि तिथेच माझा श्वास परत आला.

दादाने यूमाउंट मारलं, तर सिस्टीम म्हणे, 'टार्गेट इज बिझी'. फोनवाला प्रोग्रॅम डिस्क धरून बसलेला. पेपरवर कुणी डबा ठेवलाय, आता पेपर ओढता येत नाही, अशातली गत. मग त्याने एक सॉलिड शक्कल केली. झाडाचं मूळच दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरवर पुन्हा जोडलं. याला 'बाइंड माउंट' म्हणतात. एकच जागा दोन दारांतून बघायची सोय. अशा साध्या जोडणीत वर बांधलेली कलमं बरोबर येत नाहीत, फक्त मूळ डिस्क येते. म्हणजे या नव्या दारातून बघितलं की वरचा पेपर गायब आणि थेट फळीच दिसते.

पाच फायली. तारखेसकट. मी बार्शीच्या काकूंची फाइल तिथेच लावली. पहिल्याच सेकंदाला भांड्याचा आवाज आणि मग, "बस ना, त्या पोत्यावर नको, ते हलतंय."

भज्यांची दुसरी खेप टाकायला मी स्वयंपाकघरात पळाले. हीच चूक झाली.

अपडेट करून टाकतो

परत आले तेव्हा फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी होत होत्या आणि दादा हात बांधून बसू शकत नसल्याने आणखी एक पुण्यकर्म करून बसला होता. "तुझा तो नोट्सचा प्रोग्रॅम जाम जुना झाला होता गं. अपडेट करून टाकला."

मी प्रोग्रॅम उघडला. 'स्वागत आहे. आपली पहिली नोंद लिहा.'

आता दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. हिशेब करून बघितला, २७ आणि २२ चा. या वेळी बेरीज तंतोतंत जुळली. म्हणजे झाकलं गेलेलं काहीच नव्हतं. नोंदी खरोखरच गेल्या होत्या.

त्या कशा गेल्या ते समजायला कंटेनर ही भानगड बघावी लागते. तुमच्या ऑफिसातले आयटीवाले दिवसातून दहा वेळा 'डॉकर, डॉकर' करतात ना, ती. सॉलोमन हाइक्स नावाच्या इंजिनिअरने मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लाराच्या पायकॉनमध्ये जेमतेम पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर लोकांसमोर आणलं. कल्पना अशी, की एखादा प्रोग्रॅम चालायला जे जे लागतं ते सगळं एका डब्यात भरायचं आणि डबा कुठेही नेऊन उघडायचा. आमच्या मेसवाल्या काकू हेच करतात, पण त्यांना अजून कुणी पायकॉनला बोलावलेलं नाही.

प्रत्येक डब्यात अख्खी सिस्टीम कोंबायची तर डिस्क दोन दिवसांत भरेल. म्हणून थर. ट्रेसिंग पेपरचा गठ्ठा डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात खालच्या कागदावर मूळ सिस्टीम, त्यावरच्या कागदावर भाषा, त्यावर तुमचा प्रोग्रॅम. वरून पाहिलं की एकच पूर्ण चित्र दिसतं. हे खालचे कागद पक्के, त्यांवर कुणालाही लिहायची परवानगी नाही. त्यामुळे एकाच गठ्ठ्यावर दहा डबे चालवले तरी खालचे कागद दहापट होत नाहीत, सगळे तेच वापरतात. प्रत्येक डब्याला मिळतो तो फक्त सगळ्यात वरचा एक कोरा ट्रेसिंग पेपर. जे काही लिहाल ते त्यावर.

खालच्या कागदावरची ओळ बदलायची असेल तर? ती फाइल आधी अख्खी वरच्या कागदावर उतरवली जाते, मग तिथे बदल. १ जीबीच्या फायलीत एक काना बदलायचा असला, तरी ओव्हरले नावाच्या सध्याच्या चलतीच्या पद्धतीत १ जीबी वर येतो! आणि खालची फाइल पुसायची असेल तर? ती पुसता येतच नाही. वरच्या कागदावर त्या जागी पांढरा ठिपका मारतात. त्याला चक्क 'व्हाइटआउट' असंच नाव आहे. शाळेतलं आपलं व्हाइटनर! अक्षर दिसत नाही, पण खाली आहेच.

हे थरांचं डोकं डॉकरवाल्यांचं नाही. त्यांच्या आधी हे खूळ सीडीवाल्यांच्या डोक्यात होतं. क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसाने २००० साली क्नॉपिक्स नावाची सीडी काढली. ती घालून कॉम्प्युटर चालू केला की हार्ड डिस्कला हातही न लावता अख्खं लिनक्स सुरू. दादाच्या कपाटात अशा सीड्यांची एक चळत अजून आहे, वहिनीने तीनदा टाकायला काढूनही. सीडीवर तर काही लिहिता येत नाही. मग कॉम्प्युटर चालताना जे हजार बदल करतो ते ठेवायचे कुठे? मेमरीत. खाली सीडीचा थर, वर मेमरीचा, दोन्ही मिळून एकच डिस्क असल्याचा आभास. न्यूयॉर्कच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात एरेझ झडोक यांच्या चमूने यासाठी युनियन एफएस लिहिलं आणि २००५ च्या सुमारास क्नॉपिक्सने ते घेतलं. कॉम्प्युटर बंद केला की मेमरीतला थर हवेत, सीडी पुन्हा जशीच्या तशी. पुढे जपानच्या जुनजिरो ओकाजिमांनी त्यातूनच एयूएफएस घडवलं. लिनक्सच्या मुख्य गाभ्यात त्याला कधीच प्रवेश मिळाला नाही, तरी सुरुवातीचं डॉकर त्याच्याच खांद्यावर उभं होतं. अखेर डिसेंबर २०१४ मध्ये, लिनक्सच्या ३.१८ या आवृत्तीत, मिक्लोश सेरेदी यांचं ओव्हरले एफएस गाभ्यात आलं. आज बहुतेक कंटेनर त्यावर चालतात. आणि हो, ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली टाकलेला वाय-फाय राउटर असेल तर तुमच्या घरातही हेच आहे. रीसेटची टाचणी टोचली की वरचा थर साफ, खालचा कंपनीकोरा माल वर.

सीडीवाल्यांना जे हवं होतं, तेच मला नडलं. माझ्या दोन महिन्यांच्या नोंदी डब्याच्या सगळ्यात वरच्या ट्रेसिंग पेपरवर होत्या. डबा बंद करून पुन्हा चालू केला तर तो कागद टिकतो, म्हणून इतके दिवस काही जाणवलं नाही. सोमवारी लाइट गेले तेव्हाही नोंदी टिकल्याच. पण डबा अपडेट करणं म्हणजे त्याची डागडुजी नसते. जुना डबा फेकायचा आणि नव्या गठ्ठ्यावर नवा डबा मांडायचा. जुन्या डब्याबरोबर त्याचा वरचा कागदही कचऱ्यात. दादाने पुसलेल्या फायली शोधायचे दोन-तीन प्रोग्रॅम चालवून पाहिले. पण आतली डिस्क एसएसडी, रिकामी झालेली जागा ती स्वतःच झाडून-पुसून ठेवते. काही हाती लागलं नाही.

"तुला व्हॉल्यूम द्यायचा राहिला," दादा म्हणाला. व्हॉल्यूम म्हणजे काय? तर डब्याच्या आतल्या एका फोल्डरवर बाहेरची पक्की जागा माउंट करायची. प्रोग्रॅमला वाटतं आपण डब्यातच लिहितोय, पण लिखाण डब्याबाहेर साठतं. डबा फेका, बदला, काहीही करा. पुढच्या डब्याला तीच जागा जोडली की सगळं परत हजर.

मी त्याला दोनदा तेच वाक्य सांगायला लावलं. म्हणजे ज्या माउंटने माझ्या मुलाखती झाकल्या, तोच माउंट त्या नोट्सच्या फोल्डरवर असता तर नोंदी वाचल्या असत्या? "तोच," दादा म्हणाला. जिथे नको तिथे डिस्क बसली, जिथे हवी तिथे नव्हती. आणि मला दोन्हीकडे सारखाच साधा, निरागस, पिवळा फोल्डर दिसत होता.

व्हाइटनर खरवडणारे

माझं नुकसान माझ्यापुरतं. पण त्या पांढऱ्या ठिपक्यापायी कंपन्यांची झोप उडते. दादाच्या धंद्यात एक नेहमीचं वाक्य आहे म्हणे, 'चुकून पासवर्डची फाइल इमेजमध्ये गेली होती, पण लगेच डिलीट केली.' इमेज म्हणजे तो डब्याखालचा पक्क्या कागदांचा गठ्ठा. तो इंटरनेटवर ठेवला की लोक उतरवून घेतात, आणि उतरतो तो एकेक कागद सुटा. कुणीही गठ्ठा उलगडून खालचा कागद वाचू शकतो. व्हाइटनर वरच्या कागदावर, पासवर्ड खालच्या. खरवडायचीही गरज नाही!

जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली ३ लाख ३७ हजारांहून जास्त इमेजेस उलगडून पाहिल्या. त्यातल्या ८.५ टक्क्यांमध्ये गुपितं सापडली. खाजगी किल्ल्याच ५२ हजारांच्या वर. यातली सगळीच डिलीटवाली नव्हेत, कित्येकांनी तर व्हाइटनरचेही कष्ट घेतले नव्हते. पण तुमच्या ऑफिसात कुणी 'डिलीट केलंय ना, मग झालं' म्हणालं, तर त्याला चहाला बाहेर न्या आणि ट्रेसिंग पेपरची गोष्ट सांगा. अशा वेळी उपाय एकच, गठ्ठा पहिल्यापासून नवा बनवायचा आणि ती किल्ली बदलायची. कुलूप तेच ठेवून नुसता कागद बदलला तर काय उपयोग?

आणखी एक भन्नाट गोष्ट दादाने त्या रात्री सांगितली. एकाच कॉम्प्युटरवर, एकाच वेळी, दोन प्रोग्रॅमना वेगवेगळी झाडं दिसू शकतात. कोणत्या फांदीवर काय जोडलंय याची प्रत्येकाची वही वेगळी. २००२ पासून लिनक्समध्ये ही सोय आहे आणि कंटेनरचा अर्धा जीव तीत आहे. म्हणजे डब्यातल्या प्रोग्रॅमला विचारलं तर तो शपथेवर सांगेल, की अमुक फोल्डर रिकामा आहे, आणि बाहेरचा सांगेल, भरलेला आहे. दोघंही खरं बोलतायत. एका चाळीत दोन बिऱ्हाडं आणि दोघांना जिना वेगळ्या मजल्यावर नेतो, असं काहीतरी. मला हे अजून नीट झेपलेलं नाही, तुम्हाला झेपलं तर कळवा.

दादाने रात्री एक वाजता घरी जाण्याआधी दोन कामं केली. नोट्सच्या डब्याला व्हॉल्यूम दिला. आणि बाहेरची डिस्क सोडवून, खालच्या रिकाम्या फोल्डरवर एक खूण मारली, की इथे कुणीही, अगदी सिस्टीमच्या मालकानेसुद्धा, काहीही लिहायचं नाही. मग डिस्क पुन्हा त्यावर जोडली. त्या खुणेचा जोडण्याला अडथळा नाही. पण पुन्हा कधी डिस्क उठली नाही, तर फोनचं रेकॉर्डिंग फळीवर सांडण्याऐवजी तिथेच अडेल आणि लाल अक्षरात बोंब मारेल. लगेच मी प्लग उपटून खात्री करून घेतली. लाल अक्षरं इतकी सुंदर दिसू शकतात हे मला माहीत नव्हतं. दादा मात्र ओरडला, कारण मी डिस्क न सोडवताच प्लग उपटला होता.

नोंदी सध्या मी पुन्हा टाइप करतेय. १९ मुलाखती, रोज एक, ऑफिसला जाणाऱ्या मैत्रिणी झोपल्यावर, कानात हेडफोन. बारावीपर्यंत पोचलेय. पहिल्या खेपेला मी फक्त कामाची वाक्यं उतरवत होते, मधलं सगळं पुढे ढकलत. या वेळी घाई करायचं कारणच उरलेलं नाही, त्यामुळे पूर्ण ऐकते. बार्शीच्या काकूंच्या रेकॉर्डिंगमध्ये एक तास बारा मिनिटांवर त्या बोलता बोलता थांबतात, मागे कुणीतरी जिन्यावरून येतं, आणि काकू त्याला म्हणतात, "मेस बंद झाली रे बाळा. पण थांब, दोन पोळ्या आहेत." मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज.